हीटर मोजल्याशिवाय ऑक्सिजन सेन्सर बदलू नका

तुमचा प्रश्न असा आहे की, चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर गेल्याचे सांगण्यात आले, तर तो घरी बदलता येईल का आणि कोणत्या कंपनीचा घ्यावा. घरी बदलता येतो. इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर आट्यांनी बसवलेला तो एक भाग आहे आणि बहुतेक गाड्यांत त्याला २२ मिलिमीटरचा पाना लागतो. मात्र सेन्सरच गेला आहे हे कशावरून ठरले, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते खरे काम तेवढेच आहे. पाना फिरवणे ही नंतरची गोष्ट झाली.

मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो. बॉयलरच्या धुराड्याकडे जाणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन शिल्लक आहे हे मोजणारा झिर्कोनिया या सिरॅमिकचा प्रोब आमच्याकडे आहे आणि गळीत हंगामात त्याची देखभाल माझ्याकडे असते. गाडीतील सेन्सर त्याच तत्त्वावर चालतो. झिर्कोनियाच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला जळालेला वायू असतो. दोन्हींकडील ऑक्सिजनच्या फरकामुळे व्होल्टेज निर्माण होते. पेट्रोल जास्त झाले की ते ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत चढते, हवा जास्त झाली की ०.१ व्होल्टच्या आसपास उतरते, आणि त्यावरून इंजिनचा संगणक एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण राखतो. पण थंड झिर्कोनिया काहीही सांगत नाही. तो ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापावा लागतो. म्हणूनच चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी केवळ हीटरसाठी असतात. माझ्या गाडीचे सगळे दुखणे त्याच दोन वायरींत होते.

गाडी बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक आहे. दिवा लागण्याच्या आधीपासून गावातल्या गावात तिचे ॲव्हरेज घसरले होते, परंतु पुण्याला जाऊन आले की आकडा पूर्वीइतकाच येत असे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटला. लांबच्या प्रवासात सेन्सर धुराच्या उष्णतेनेच तापतो, बाजारापर्यंतच्या फेरीत मात्र तो हीटरवर अवलंबून असतो. हीटर बंद असेल तर संगणकाला बराच वेळ सेन्सरशिवाय, ठरलेल्या मापाने पेट्रोल सोडावे लागते आणि ते माप थोडे जास्तच असते. हे सर्व मी गॅरेजमधील सल्लागाराला सांगितले. त्याने स्कॅनर जोडला, पी०१३५ हा कोड वाचला आणि दोन्ही सेन्सरांसह कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करणारा भाग, बदलण्याचे एस्टिमेट हातात ठेवले. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे एकूण रक्कम गाडी विकून आले असते त्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढी झाली. पी०१३५ हा कोड पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटबद्दल आहे. कन्व्हर्टरबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही. कन्व्हर्टरची तक्रार पी०४२० या कोडने येते आणि तो कोड आलेलाच नव्हता. मी हे बोलून दाखवले, तेव्हा “सगळं एकदम बदललेलं बरं असतं” असे उत्तर मिळाले. मी गाडी परत आणली.

त्याच सुमारास माझे थोरले मेहुणे घरी आले होते. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर त्यांच्याकडे अनेक वर्षे आहेत, इंजिन उतरवून पुन्हा चढवण्याचे काम त्यांनी स्वतः केलेले आहे, त्यामुळे वाहनांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला आमच्या घरात वजन आहे. ते म्हणाले, “पाहुणं, बॉयलर वेगळा आणि गाडी वेगळी. कॉम्प्युटरच्या गाडीला घरी हात लावू नये. चार पैसे जास्त गेले तरी जबाबदारी त्यांची राहते.” हे मत मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. सर्व भाग बदलूनही दिवा पुन्हा लागला तर पैसे परत मिळतील, असे त्या एस्टिमेटमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते. कारखान्यात हीटर न मोजता मी नवीन प्रोबची मागणी केली, तर साहेब पहिल्यांदा रीडिंग मागतील. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीसाठी आपण रीडिंग का मागू नये?

तेव्हा आधी मोजा. स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला ओबीडीचे, म्हणजे इंजिनच्या संगणकातील कोड वाचण्याचे, सॉकेट असते. त्यात बसणारा स्वस्त ब्लूटूथ ॲडॅप्टर घ्या आणि मोबाइलवर कोड वाचा. कोड हीटरचा असेल तर इंजिन गार असताना सेन्सरचा कनेक्टर सोडवा आणि एकाच रंगाच्या दोन वायरींमधील रोध मल्टिमीटरने मोजा. चांगला हीटर साधारण दोन ते वीस ओहमच्या दरम्यान काहीतरी दाखवतो. माझा मीटर ‘ओएल’ दाखवत होता, म्हणजे आतली तार तुटलेली होती. त्यानंतर इग्निशन चालू करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर बारा व्होल्ट येत आहेत का ते पाहिले; ते येत होते, म्हणून फ्यूज आणि पुरवठ्याची वायर दोषी नव्हती. मेहुणे हे सर्व शेजारी उभे राहून पाहत होते. मी मीटर त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी स्वतः पुन्हा मोजले.

सेन्सर मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनमधून धूर जिथे बाहेर पडतो तिथे, बॉनेट उघडल्यावर समोर दिसेल असा होता. सेन्सर काढताना बळ लावण्याची घाई करू नये, कारण नळीतील आटे गेले तर स्वस्तातले काम महाग होते. आदल्या संध्याकाळी आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारावा, दुसऱ्या दिवशी इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि जाड हातमोजे घालून काम करावे. जुना सेन्सर फेकायचाच असल्यामुळे मी त्याची वायर कापून टाकली आणि सरळ रिंग पाना बसवला. खाच असलेले सॉकेट गंजलेल्या सेन्सरवरून घसरण्याची शक्यता असते. नवीन सेन्सरच्या आट्यांना बहुधा अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, लावलेलेच येते; नसेल तर आट्यांनाच लावावे, टोकाला त्याचा थेंबही लागू देऊ नये. आधी हाताने फिरवून बसवावा आणि मग साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटरवर घट्ट करावा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. आसपास सिलिकॉनचा सीलंट वापरू नये, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

कोड पुसल्यानंतर दिवा पुन्हा लागला नाही आणि गावातले ॲव्हरेज मूळपदावर आले. पीयूसीच्या वेळी मी मेहुण्यांना मुद्दाम सोबत नेले. बीएस-४ पेट्रोल कारसाठी इंजिन मंद चालू असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. आमची गाडी, जुन्या कन्व्हर्टरसह, त्या मर्यादेच्या बरीच खाली होती. त्यांनी कागद वाचला आणि “एखाद्या गाडीचं जमलं असेल” एवढेच म्हणाले. एखाद्या गाडीचे जमले, हे म्हणणे मला मान्य नाही. जे मोजता येते ते मोजले आणि जे तुटले होते तेवढेच बदलले. यात नशिबाचा भाग नव्हता.

कंपनीबद्दल एवढेच सांगतो की, तुमच्या गाडीत मुळात ज्या उत्पादकाचा सेन्सर होता त्याचाच, आणि जुन्यावरील पार्ट नंबर जुळवून घ्या. वायरी कापून जोडायचा सार्वत्रिक सेन्सर घेऊ नका, कारण अनेक सेन्सरांत बाहेरची हवा वायरीच्या आतूनच येते आणि डाग दिला की तो मार्ग बंद होऊ शकतो. काही गोष्टी मात्र माझ्या अनुभवाच्या बाहेरच्या आहेत, त्याही ध्यानात घ्या. काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचे नेमके प्रमाण मोजणाऱ्या, प्रकारचा असतो आणि त्याला वर दिलेले व्होल्टेजचे आकडे लागू पडत नाहीत. वॉरंटीतील गाडीला स्वतः हात लावू नका. दुसरा सेन्सर धुराच्या वाटेवर कन्व्हर्टरच्या नंतर, गाडीच्या पोटाखाली असतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नका, ते काम रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये द्या. आणि पी०१७१ हा कोड आला असेल, तर मिश्रणात हवा जास्त आहे असे सेन्सर सांगत आहे. बहुतेक वेळा ते खरे असते आणि दोष इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या, गळतीत, इंजेक्टरमध्ये किंवा पेट्रोलच्या दाबात निघतो. तुमचा कोड कोणता आहे तो कळवा. पी०१७१ असेल तर तूर्त सेन्सर विकत घेऊ नका.