आधी गाडी झोपते का ते बघा, बॅटरीचं नंतर

तुम्ही लिहिलंय की गाडी चार-पाच दिवस पोर्चमध्ये उभी राहिली की रिमोटला ओच देत नाही, दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या आणि आता सर्व्हिस सेंटरवाले तिसरी घ्या म्हणतायत. दादा, थांबा. तिसरी घेऊ नका, निदान या आठवड्यात तरी नको.

मी हे स्वतः भोगलंय. इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, गाडी जर्मन, बॅटरी डिकीत, ८० अँपियर-अवरची एजीएम, म्हणजे सीलबंद, पाणी न घालायची बॅटरी. पुतणीच्या लग्नाला रेल्वेने पुण्याला गेलो, पाचव्या दिवशी परत आलो तर गाडी ठार. किल्लीतली छोटी लोखंडी चावी काढून दार उघडलं, बॉनेटखालच्या टर्मिनलवरून शेजाऱ्यांच्या गाडीने जंप दिला, आणि सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडलो. त्यांनी टेस्टर लावला, चिठ्ठी निघाली, बॅटरी खराब. २८ हजार मोजले. पुढच्या महिन्यात परत तेच.

मग हिशेब मांडला, जो आधीच मांडायला हवा होता. गाडी बंद करून लॉक केली तरी आतले कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, लगेच गप्प होत नाहीत. पहिली काही मिनिटं कित्येक अँपियर ओढतात, मग एकेक करून झोपी जातात. महागड्या गाड्यांत याला अर्धा तास, कधी तासही लागतो. सगळं झोपलं की २० ते ५० मिलिअँपियर उरायला हवेत. ४० धरले तर दिवसाला साधारण १ अँपियर-अवर, म्हणजे महिनाभर उभी राहिली तरी ८० च्या बॅटरीत निम्म्याहून जास्त शिल्लक. तेच एखादं युनिट जागं राहून ०.८ अँपियर ओढत असेल तर दिवसाला १९, चार दिवसांत खेळ खलास. तुमचे चार-पाच दिवस याच हिशेबात बसतायत. बॅटरी नवी घातली की ती जुनीपेक्षा एखाद-दोन दिवस जास्त टिकते, आणि आपल्याला वाटतं झालं दुरुस्त.

त्या चिठ्ठीचंही ऐका. उतरलेल्या बॅटरीला टेस्टर लावला तर निकाल वाईटच येणार. आधी पूर्ण चार्ज, मग काही तास विश्रांती, मग टेस्ट. विश्रांतीनंतर १२.७-१२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त, १२ च्या आसपास म्हणजे तळ दिसायला लागला. अर्थात वारंवार तळाला गेलेली बॅटरी खरंच खराब होते, आपल्या मे महिन्याच्या उन्हात तर आणखी लवकर. पण ते दुखण्याचं फळ आहे, मूळ नाही.

आता मूळ कसं शोधायचं. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल, म्हणजे वायर न तोडता नुसता तिच्याभोवती अडकवून करंट मोजणारा. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून आणणार असाल तर नीट बघून घ्या, त्यांच्याकडचे स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात आणि गाडीवर शून्यच दाखवत बसतात. बॅटरीची वायर काढून मधे मल्टिमीटर जोडायची जुनी पद्धत या गाड्यांत नको. वायर काढली की सगळी युनिट नव्याने जागी होतात आणि जो झोपेचा घोळ पकडायचा तोच निसटतो.

बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडी ठेवून, पेचकसाने कुलपाची जीभ दोनदा टक-टक वाजेपर्यंत फिरवा. गाडीला वाटतं डिकी लागली. (नंतर डिकी खाली आपटण्याआधी बटण दाबून ती जीभ परत सोडवा. मी विसरलो होतो, पत्र्यावर पत्रा वाजला आणि बायको आतून धावत आली.) क्लॅम्प हवेत शून्यावर आणा, निगेटिव्ह केबलभोवती अडकवा, गाडी लॉक करा, किल्ली घेऊन घरात दूर जा. तासाभराने या आणि गाडीला हात न लावता आकडा वाचा. हँडलला हात लागला तरी ती उठते.

माझा आकडा ६ अँपियरवरून २ वर आला, अर्ध्या तासाने ०.८ वर आला आणि तिथेच बसला. रात्रीचे साडेबारा, मी पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर, डास चावतायत, आकडा हलत नाही. मोबाईलचा टॉर्च विझवला आणि काचेतून आत पाहिलं तर स्टिअरिंगखाली एक निळा ठिपका लुकलुकत होता. ओबीडी पोर्टमधला, म्हणजे मेकॅनिक तपासणीचा कॉम्प्युटर जोडतात त्या सॉकेटमधला, ब्लूटूथ डोंगल. मीच लावला होता, अ‍ॅव्हरेज बघायला, आणि विसरून गेलो होतो. त्या पोर्टला चोवीस तास करंट असतो. डोंगल स्वतः थोडंच खातो, पण तो सारखा काहीतरी विचारत राहतो आणि बाकीच्या युनिटना झोपू देत नाही. उपटला. पुन्हा लॉक करून पाऊण तासाने पाहिलं, ०.०३, म्हणजे ३० मिलिअँपियर. सर्व्हिस सेंटरला जाऊन ज्या आवाजात भांडलो होतो तो आठवून आजही कसंतरी होतं.

म्हणून आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू काढा: डोंगल, जीपीएस ट्रॅकर, अ‍ॅम्प्लिफायर, आणि डॅशकॅम, जो अ‍ॅक्सेसरीवाले सर्रास कायम चालू राहणाऱ्या फ्यूजवरून जोडून देतात. फास्टॅगवर मात्र संशय घेऊ नका, त्याला गाडीचा करंट लागतच नाही.

एवढं करूनही आकडा उतरला नाही तर फ्यूज. उपटायचे नाहीत, कारण उपटणं-बसवणं यानेही युनिट जागी होतात. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टोकं लावा. शून्य आलं तर त्यातून काही वाहत नाही, काही आकडा आला तर चोर त्या लाइनवर. तो फ्यूज कशाचा आहे ते झाकणावरच्या किंवा मॅन्युअलमधल्या तक्त्यात सापडतं. हे घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात की बोलणंच बदलतं. "बॅटरी उतरते" म्हणालात तर बॅटरी विकतील, "अमुक फ्यूजवर तासाभरानंतरही करंट आहे" म्हणालात तर वायरिंगचा माणूस बोलवावा लागेल.

तुमची गाडी फक्त रविवारी सकाळी पोह्यांसाठी जवळच्या छप्पन दुकानला जात असेल तर तेही एक कारण आहे. या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, इंधन वाचवायला कमी भरतो, ब्रेक मारताना जास्त भरतो, आणि बॅटरीत मुद्दाम थोडी जागा ठेवतो. निम्मी रिकामी बॅटरी तेवढ्या फेरीत भरत नाही, उज्जैनला जाऊन आलात तरी काठोकाठ भरेलच असं नाही. घरी एजीएमची सेटिंग असलेला स्मार्ट चार्जर घ्या आणि रात्रभर लावा. त्याचा निगेटिव्ह चिमटा बॅटरीच्या खांबाला नको, बॉडीच्या अर्थिंग पॉइंटला लावा. निगेटिव्ह खांबावर छोटा सेन्सर असतो, चार्जिंग त्याच्यातून गेलं तरच गाडीला किती भरलं ते कळतं.

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानात ही बॅटरी मुळीच देऊ नका. भिया, झाकण उघडून डिस्टिल वॉटर घालतो, असं तिथे कुणी म्हणालं तर बॅटरी उचलून चालू पडा. एजीएम सीलबंद असते, जास्त व्होल्टेजने तिच्यातलं पाणी उडालं तर परत घालता येत नाही.

आणि एक विचारतो. त्या दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरला सांगितलं होतं का? बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी रजिस्टर करावी लागते, ऑडीतही कोडिंग करतात. नाही केलं तर गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजून भरत राहते. एजीएमच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी तर बसवली नाही ना, तेही स्टिकर वाचून बघा.

शेवटचं, किल्ली. वडोदऱ्याला माझ्या मेहुण्याच्या घरी किल्लीचा खुंटा ज्या भिंतीवर होता तिच्या पलीकडेच गाडी उभी असायची. कीलेस गाडी, म्हणजे किल्ली जवळ आली की आपोआप ओळखणारी, आणि किल्ली एवढी जवळ, रात्रभर गाडी धड झोपेना. खुंटा स्वयंपाकघरात नेला आणि त्याची तक्रार संपली. तासाभरानंतरचा आकडा इथे लिहा, आणि तुमची किल्ली रात्री कुठे असते तेही.