पत्रात मुलगी कुठे आहे?

आपले चार पानी पत्र वाचले. मुलीला बारावी विज्ञान शाखेत ७८ टक्के गुण आहेत आणि मालवणचे घर, ज्याच्या तीन खोल्या आपण पर्यटकांना देता, ते गहाण ठेवून तिला कॅनडातील सेंट जॉन्स येथे पर्यटन व्यवस्थापनाच्या पदविकेसाठी पाठवायचे आपण ठरवले आहे. मला गुणांची चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती एवढ्या मोठ्या निर्णयात तिच्या वाट्याला आलेल्या एकाच वाक्याची : ‘तिची काही हरकत नाही.’ हरकत नसणे म्हणजे इच्छा असणे नव्हे, आणि आपल्यासाठी घर गहाण पडते आहे हे ऐकल्यावर अठरा वर्षांची मुलगी हरकत घेणार तरी कशी?

पदविका झाली की कामाचा परवाना मिळतोच, हे एजंटचे म्हणणे आता खरे नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना महाविद्यालयीन पदविकेनंतरचा परवाना ठरावीक विषयांसाठीच मिळतो आणि पर्यटन त्यांत नाही. शिवाय तेथील पर्यटन हवामानाच्या हाती आहे. हिमनग वसंतात दिसतात, देवमासे उन्हाळ्यात. पुढे दीर्घ हिवाळा असतो. १७ जानेवारी २०२० रोजी तेथे एका दिवसात ७६ सेंटिमीटर बर्फ पडला आणि शहरात आठ दिवस आणीबाणी होती. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या की खोल्या कशा रिकाम्या पडतात, हे आपणांस मी सांगायला नको.

मुलगी पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढतात तेथे जाऊन उभी राहते आणि कोणत्या दिवशी कोणता मासा आला ते वहीत लिहिते, अशी आपण तक्रार केली आहे. मला संपूर्ण पत्रात तेवढीच ओळ तिची वाटली. ज्या किनाऱ्यावर आपण तिला पाठवू पाहता, तेथे १९९२ साली कॉड माशाची मासेमारी बंद करावी लागून सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला, कारण बेसुमार मासेमारी चालू असताना उरलेल्या साठ्याचा अंदाज वर्षानुवर्षे जास्त बांधला गेला होता. मुलीची वही म्हणजे हा साठा नीट मोजण्याच्या कामाची पहिली पायरी आहे.

रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे; प्रवेश सीईटीतून होतो. पदवीनंतर तिला वाटल्यास सेंट जॉन्सच्या मेमोरियल विद्यापीठात मत्स्यविज्ञान शिकता येईल.

कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी ती वही तिला वाचून दाखवायला सांगा. पुढचे पत्र तिच्या हस्ताक्षरात यावे, अशी माझी विनंती आहे.