वैजनाथ नाव जुनाट वाटेल का?

प्रश्न : बाळाचं नाव वैजनाथ ठेवायचं, असा सासूबाईंचा आग्रह आहे. अर्थ काय? जुनाट नाही ना वाटणार?
– एक वाचक, लातूर

उत्तर : खुशाल ठेवा, ताई! मूळ शब्द वैद्यनाथ. वैद्यांचा स्वामी, म्हणजे शंकर. ‘अद्य’चं आज झालं, ‘विद्युत’ची वीज झाली, तसंच ‘वैद्य’चं वैज. बीड जिल्ह्यातल्या परळीच्या देवावरून आपल्या मराठवाड्यात हे नाव गावोगाव रुळलं. त्या पिंडीवर हात ठेवून मी दर्शन घेतलंय. माझे आजोबाही वैजनाथच. आजी त्यांचं नाव घेत नसे, शेजारणी मात्र अंगणातूनच ‘वैजूअण्णा’ अशी हाक मारायच्या. जन्मदाखल्यावर तेवढं स्पेलिंगसकट नीट बघून घ्या. आजोबांच्या सातबाऱ्यावर ‘वैद्यनाथ’ आणि बँकेत ‘वैजनाथ’ लागलं होतं; वारसाच्या नोंदीला वडिलांनी फार हेलपाटे घातले.