टोकियोचा खेळ, घरचा प्लग

परदेशातून कन्सोल (व्हिडिओ गेमचे यंत्र) किंवा खेळ मागवणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक तक्रार वारंवार येते : वस्तू अस्सल आहे, पैसे पूर्ण मोजले आहेत, मग घरी आल्यावर ती चालत का नाही? कन्सोल ज्या देशातल्या घरासाठी बनतो, तिथली वीज, तिथला टीव्ही, तिथली भाषा आणि अलीकडे तिथले खातेसुद्धा त्याने गृहीत धरलेले असते. वस्तू विमानात बसून येते, ही गृहीतके तिकडेच राहतात. जपानविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आल्यामुळे या वेळी तेच घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने टोकियोच्या अकिहाबारातून जुना फॅमिकॉम, म्हणजे निंटेंडो कंपनीचा जपानी कन्सोल, आणला. टीव्हीला अँटेनाच्या जागी जोडला, सगळे चॅनेल शोधले, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. तो बिघडला आहे का? आणि आमच्या माळ्यावर लहानपणच्या गेमच्या 'कॅसेट' पडून आहेत, त्या यात चालतील का? (नाशिक)

उत्तर : बिघडला असण्याची शक्यता कमी आहे. १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलेल्या मूळ फॅमिकॉमला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची सोयच नव्हती. तो टीव्हीला एखाद्या छोट्या प्रक्षेपण केंद्रासारखा संदेश पाठवतो आणि तोही जपानच्या चॅनेल १ किंवा २ वर. त्या चॅनेलांची चित्रलहर ९१.२५ आणि ९७.२५ मेगाहर्ट्झवर असते. आपल्याकडे हा पट्टा एफएम रेडिओचा, त्यामुळे भारतीय टीव्ही तिथे चित्र शोधायला जातच नाही. एखाद्या जुन्या, हाताने चॅनेल लावायच्या टीव्हीवर चित्र सापडलेच, तरी आवाज येणार नाही, कारण जपानी पद्धतीत चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ४.५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, तर आपल्या पद्धतीत ५.५ चे.

यावर दोन उपाय आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात जुनी उपकरणे दुरुस्त करणारा जाणता कारागीर गाठून फॅमिकॉममधून थेट पिवळी पिन बाहेर काढून घ्यावी. काम लहान आहे, पण डाग देणारा हात हलका हवा. दुसरा उपाय म्हणजे निंटेंडोने १९९३ च्या डिसेंबरात आणलेला सुधारित फॅमिकॉम घेणे, त्याला ही सोय मुळातच आहे. चित्राची जपानी पद्धत, म्हणजे एनटीएससी, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले बहुतेक टीव्ही पिवळ्या पिनेवरून निमूटपणे स्वीकारतात.

विजेबाबत तुम्ही काही विचारलेले नाही, पण मी सांगणारच, कारण माझा हात त्यात भाजला आहे. फॅमिकॉमबरोबर येणारा काळा ठोकळा फक्त १०० व्होल्टसाठी आहे. तो मी एकदा घाईत सरळ आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खोचला. आधी जाडसर गुणगुण ऐकू आली, मग वार्निश तापल्याचा वास, आणि मिनिटभरात ठोकळा धरवेनासा झाला. त्या ठोकळ्यासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर घेत बसण्यापेक्षा तो बाजूला ठेवून आपल्याकडचा ९ ते १० व्होल्ट डीसीचा, निदान ८५० मिलिअँपिअरचा अॅडाप्टर वापरावा. मात्र त्यावरचे ध्रुवांचे चित्र नीट पाहावे : फॅमिकॉमला पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन लागते, आणि दुकानात मिळणारे बहुतेक अॅडाप्टर नेमके उलटे असतात.

आता कॅसेट. त्या बहुतांशी चालतील. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले 'टीव्ही व्हिडिओ गेम' हे फॅमिकॉमच्या नकला होते, आणि त्यांची कॅसेट बसवायची खाच जपानी मापाचीच, ६० टोकांची होती. अमेरिकेत १९८५ साली हेच यंत्र नव्या रूपात गेले, तेव्हा तिथली खाच ७२ टोकांची झाली आणि आत अनधिकृत कॅसेट अडवणारी एक चिप बसली. आपल्या नकलांना त्या चिपची बाधा कधी झालीच नाही. धातूची टोके आधी स्पिरिटने पुसा. फुंकर मारण्याची आपली बालपणीची विद्या थुंकीतल्या ओलाव्याने त्यांना गंज चढवत होती.

एका गोष्टीची तयारी ठेवा. आपल्याकडच्या अनेक नकला ५० हर्ट्झच्या पॅल पद्धतीवर चालत, आणि जपानी खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले असत. सहाच्या जागी पाचच चित्रे मिळाल्याने आपला मारिओ लहानपणी सहाव्या हिश्शाने सावकाश धावत होता. खऱ्या फॅमिकॉमवर तो पहिल्याच खड्ड्यात पडेल, आणि तुम्हाला वाटेल की वय झाले.

प्रश्न : भाचा ओसाकात नोकरीला आहे. तिथे निंटेंडोचा स्विच २ कन्सोल बराच स्वस्त मिळतो असे तो म्हणतो. त्याच्याकडून मागवावा का? (ठाणे)

उत्तर : जो स्वस्त आहे तो मागवू नका. ५ जून २०२५ रोजी स्विच २ आला तेव्हा निंटेंडोने जपानसाठी त्याच्या दोन आवृत्त्या काढल्या : फक्त जपानी भाषेची, ४९,९८० येनांची; आणि बहुभाषी, ६९,९८० येनांची. पहिलीत यंत्राची भाषा बदलता येत नाही, आणि ज्या खात्याचा देश जपान आहे तेच खाते तिला जोडता येते. तुमचे सध्याचे खाते, त्यावर विकत घेतलेले खेळ, सगळे तिच्या दाराबाहेर राहते. बहुभाषी आवृत्ती कंपनीने स्वतःच्या ऑनलाइन दुकानातूनच विकायचे ठरवले, त्यामुळे भाच्याने कोपऱ्यावरच्या दुकानात पाहिलेला डबा बहुधा पहिलाच असणार.

जपानी खाते उघडून भागेल असे कोणी सुचवील. पण २५ मार्च २०२५ पासून निंटेंडोच्या जपानी ऑनलाइन दुकानात जपानबाहेरची क्रेडिट कार्डे चालत नाहीत. प्रत्येक खेळासाठी भाच्याला दुकानातून प्रीपेड कार्ड आणून आकडा कळवायला सांगावे लागेल. पहिल्या दोन-तीन वेळा तो हौसेने करील.

यात एक गंमत आहे. निंटेंडोच्या हातातल्या खेळयंत्रांना गेमबॉयपासून देशाचे कुलूप, म्हणजे एका देशाचा खेळ दुसऱ्या देशाच्या यंत्रावर चालू न देण्याची सोय, जवळजवळ नव्हतेच. २०११ च्या थ्रीडीएसला ते पक्के बसले, २०१७ च्या स्विचने ते काढले, आणि चाहत्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आता कुलूप परत आले ते खाचेत न बसता भाषेत आणि खात्यात बसून. येन घसरलेला असताना बाहेरच्यांनी स्वस्त यंत्रे उचलून नेऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब उघड आहे, आणि कंपनीच्या जागी बसून पाहिले तर तो चुकीचाही म्हणता येत नाही. सोनीनेही २०२५ च्या नोव्हेंबरात जपानी भाषेपुरता, कमी किमतीचा प्लेस्टेशन ५ काढून हाच रस्ता धरला.

प्रश्न : परत येताना सामानातून कन्सोल आणला तर कस्टमला किती द्यावे लागते? कुरिअरने 'भेट' म्हणून पाठवला तर पैसे वाचतात का? (कोल्हापूर)

उत्तर : स्वतः आणणे बहुधा परवडते. फेब्रुवारी २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार परदेशातून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क माफ होते, आणि त्यावरच्या रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के बसत असे. ही मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजा आकडा पाहून घ्यावा. नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एकच महागडी वस्तू सोडवता येत नाही, हे मात्र अनेकांना विमानतळावरच कळते. बिल जवळ ठेवा. खोके फेकून देऊन 'वापरलेला आहे' असे सांगण्याचा सल्ला ओळखीचे लोक छातीठोकपणे देतात. तो ऐकू नका. बॅटरी असलेले यंत्र हातातल्या बॅगेत घ्या.

तुम्ही पर्यटक म्हणून गेला असाल, तर जपानचा १० टक्के उपभोग कर ५,००० येनांपुढच्या खरेदीवर वाचवता येतो, त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. तिथेच राहणाऱ्या नातेवाइकाला ही सवलत नाही.

कुरिअरने येणाऱ्या वस्तूला प्रवाशाची सवलत लागू होत नाही, आणि शुल्क वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूक खर्चावरही लागते. 'भेट' हा मार्ग पूर्वी ५,००० रुपयांपर्यंत उघडा होता; डिसेंबर २०१९ मध्ये तो बंद झाला. त्यातून दोनच गोष्टी वगळल्या : जीवरक्षक औषधे आणि राखी.

प्रश्न : जपानी प्लेस्टेशन ५ ची डिस्क भारतीय यंत्रावर चालेल का? (नागपूर)

उत्तर : चालेल. प्लेस्टेशन ३ पासून खेळांच्या डिस्कवर देशाचे कुलूप जवळजवळ नाही. पण त्या खेळाला पुढे विकत घ्यायची जोड, म्हणजे ऑनलाइन दुकानातून घ्यायचा जादा भाग, असेल, तर ती डिस्कच्या देशाच्याच दुकानातून घ्यावी लागते. भारतीय खात्यावर घेतलेली जोड जपानी डिस्क ओळखत नाही आणि पैसे अडकतात. ज्या खेळात अशा जोडांचा भरणा आहे, त्याची डिस्क इथलीच घ्या. चित्रपटांच्या ब्ल्यू-रेचा नियम वेगळा : जपान 'ए' विभागात आणि भारत 'सी' मध्ये येतो, तिथे खरेच कुलूप आहे.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सी इथे राहते. मुलाने हौसेने सुपर फॅमिकॉमची जपानी कार्ट्रिज (कॅसेट) मागवली, ती त्याच यंत्राच्या आमच्याकडच्या अमेरिकन आवृत्तीत, सुपर निंटेंडोत, शिरतच नाही.

उत्तर : खाचेच्या आत डोकावून पाहा, मागच्या बाजूला प्लास्टिकचे दोन दात दिसतील. अमेरिकन कार्ट्रिजच्या पाठीला त्यांच्यासाठी खोबणी असतात, जपानीला नसतात. आतली चिप दोन्हीकडे एकच आणि टीव्हीची पद्धतही एकच, त्यामुळे ते दात पकडीने काढले की खेळ सुरू होतो. जगातल्या सर्वांत बड्या खेळकंपनीने महासागराच्या दोन काठांमधला बंदोबस्त दोन दातांवर सोपवला होता, याचे मला आजही नवल वाटते.

प्रश्न : बदकांवर नेम धरायच्या खेळाची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही? (सांगली)

उत्तर : कारण बंदुकीतून काही सुटतच नाही, ती टीव्हीकडे नुसती बघते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. जुना काचनळीचा टीव्ही चित्र त्याच क्षणी रंगवतो. सपाट टीव्ही ते आधी सावकाश पचवून मग दाखवतो, तोवर बंदुकीने 'नेम चुकला' असा निकाल दिलेला असतो.

प्रश्न : मला जपानी येत नाही. मग तिथले जुने खेळ जमवण्यात अर्थ आहे का? (पुणे)

उत्तर : खेळानुसार आहे. उड्या, शर्यती, विमाने यांना भाषा लागत नाही. कथेच्या खेळांना लागते, आणि तिथे प्रश्न असा की काही खेळ दुसऱ्या भाषेत आलेच नाहीत किंवा फार उशिरा आले. 'मदर ३' २० एप्रिल २००६ रोजी फक्त जपानमध्ये निघाला. इंग्रजी आवृत्ती अधिकृतपणे न आल्याने चाहत्यांनी स्वतः भाषांतर करून २००८ मध्ये ते फुकट वाटले. १९९५ च्या 'सेइकेन देन्सेत्सु ३' ला अधिकृत इंग्रजी २०१९ मध्ये मिळाली. जे आले त्यांचीही गडबड झाली : जपानमधला 'फायनल फँटसी'चा चौथा भाग अमेरिकेत दुसरा म्हणून आणि सहावा भाग तिसरा म्हणून विकला गेला. अमेरिकेला 'मारिओ २' म्हणून मिळालेला खेळ तर मुळात मारिओचा नव्हताच. तो दुसऱ्याच एका जपानी खेळाला मारिओची माणसे चिकटवून केलेला होता.

पण मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. फॅमिकॉमच्या काळातल्या खेळांत, पडद्यावर जागाच नसल्याने, अवघड चित्राक्षरे जवळजवळ नसत. सगळा मजकूर काना लिपीत असे. ही लिपी आपल्यासारखीच उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, आणि तिचा तक्ता आपल्या बाराखडीचा दूरचा नातेवाईक आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची सिद्धम लिपी जपानला गेली आणि तिच्या वर्णक्रमावरून त्यांचा क्रम बसला : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि 'हा' प-वर्गाच्या, कारण प्राचीन उच्चार तिकडे झुकणारे होते, एवढे लक्षात ठेवले की हा क्रम थेट शाळेतल्या पाटीवरचा वाटतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे घोकावे लागते ते आपल्याला अर्धे पाठ असते. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात अक्षरे वाचता येतील.

खरेदीसाठीही काही जपानी शब्दांची ओळख कामी येते. जुन्या वस्तूवर 'हाको-सेत्सु-त्सुकी' असे असेल तर सोबत खोके आणि पुस्तिका आहे. 'जांकु' असे असेल तर दुकानदार हमी घेत नाही. ती वस्तू कधी ठणठणीत निघते, कधी पूर्ण मेलेली, आणि परत घेतली जात नाही. खेळातली प्रगती साठवणारी कार्ट्रिज असेल तर आतल्या बटणसेलची चौकशी करा. तो संपला की साठवलेले सारे जाते, आणि नवा बसवायला डाग द्यावा लागतो.

आणि खेळ सुरू करताना दोन शब्द आधी शिका. 'त्सुझुकी कारा' म्हणजे जिथे थांबलो तिथून, 'हाजिमे कारा' म्हणजे पहिल्यापासून. हे दोन्ही पर्याय एकाखाली एक असतात आणि दोन्हींचा शेवट सारखा दिसतो. त्या शेवटाकडे पाहून मी एकदा बटण दाबले आणि दिवाळीची अख्खी सुट्टी घालून उभा केलेला वीर पुन्हा आपल्या आईच्या घरात, अंथरुणात जागा झाला.