ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरचं अपडेट बंद आहे? कुलूप कुणी लावलंय ते आधी बघा

ताई, तुमची अडचण अशी आहे, असं मी धरतो. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या अकाउंट्सला तुम्ही बसता, कॉम्प्युटर कंपनीचा आहे आणि क्रोममध्ये ‘अपडेट्स आर डिसेबल्ड बाय युअर ॲडमिनिस्ट्रेटर’ असं येतंय. बँकेची साइट ब्राउझर जुना आहे म्हणून अडवायला लागली आहे. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर रेजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याची) एक फाइल पाठवून ‘डबल क्लिक करा, काम झालं’ असं सांगितलंय.

ती फाइल चालवू नका. अशा फाइलींमध्ये बहुतेक वेळा पॉलिसीचा, म्हणजे कंपनीने घातलेल्या नियमांचा, अख्खा भागच उडवायची आज्ञा असते. त्याच भागात कंपनीने केलेल्या सुरक्षेच्या इतर सेटिंगही असतात, त्याही जातात. शिवाय तुमचा कॉम्प्युटर हेड ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेला असेल तर हे सगळं फुकट जाणार, कारण विंडोजची ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना लागणारे नियम) दर दीड-दोन तासांनी आपोआप पुन्हा लागू होते. म्हणजे दुपारी काढलेली बंदी संध्याकाळी परत आलेली असते, आणि कंपनीच्या मशीनमध्ये छेडछाड केल्याचं तुमच्या नावावर राहतं. पगार कंपनी देते, मशीन कंपनीचं आहे. त्यावरची बंदी काढायची ती कंपनीला विचारूनच, हे माझं ठाम मत आहे.

पण म्हणून जुन्या ब्राउझरवर बँकेचं काम करत बसा असंही मी म्हणणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वेबपी या चित्रांच्या फॉरमॅटमधली एक चूक बाहेर आली होती. मुद्दाम तयार केलेलं एक चित्र पानावर उघडलं तरी हल्ला होऊ शकत होता, आणि ती चूक क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांत होती. सगळ्यांनी लगेच दुरुस्ती दिली, पण ती मिळाली फक्त अपडेट चालू असणाऱ्यांना. क्रोमची मोठी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२३ पासून जवळपास दर आठवड्याला येतात. सहा महिने अपडेट बंद म्हणजे किती दारं उघडी राहिली असतील ते बघा. ज्या मशीनवरून पगार आणि पुरवठादारांचे पैसे जातात, तिथे हे चालणार नाही.

म्हणून बंदी नेमकी कुणी घातली ते आधी काढू. यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘क्रोम://पॉलिसी’ (chrome://policy) टाइप करून एंटर दाबा. एजला ‘एज://पॉलिसी’ (edge://policy) आणि फायरफॉक्सला ‘अबाउट:पॉलिसीज’ (about:policies). क्रोममध्ये जे पान उघडतं त्यात पॉलिसीचं नाव, तिची व्हॅल्यू आणि ‘सोर्स’ असा एक रकाना असतो. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे ‘क्लाउड’ असेल तर बंदी हेड ऑफिसच्या ॲडमिनने त्यांच्या कन्सोलवरून घातली आहे. तुमच्या शिरोलीच्या ऑफिसातल्या कुणाकडेही ती काढायची सोय नाही, त्यामुळे इथल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून उपयोग नाही. ‘प्लॅटफॉर्म’ असेल तर ती त्या मशीनच्या विंडोजमध्ये आहे. मग एक तर कंपनीच्या सर्व्हरवरून आली असेल, नाहीतर कुणीतरी त्या खुर्चीत बसून हाताने घातली असेल. अपडेटसंबंधीच्या पॉलिसी ‘गूगल अपडेट पॉलिसीज’ अशा वेगळ्या मथळ्याखाली येतात, त्यामुळे पान शेवटपर्यंत खाली सरकवून बघा. दिसेल त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आपल्याकडे उद्यमनगरपासून गोकुळ शिरगावपर्यंत मी जी मशीनं बघतो, त्यांत हाताने घातलेली बंदी खूप वेळा सापडते. आणि घालणारा माणूस वाईट हेतूचा नसतो. ईआरपी (कंपनीच्या हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) बसवायला आलेल्या इंजिनिअरला एका ठरावीक आवृत्तीवर प्रोग्रॅम चालताना दिसला, म्हणून त्याने अपडेट बंद केलं. किंवा टेंडर भरताना डिजिटल सहीचा डोंगल अपडेटनंतर ओळखला गेला नाही, शेवटची तारीख तोंडावर होती, म्हणून कुणीतरी जुनी आवृत्ती टाकून कायमची थांबवली. तो माणूस नोकरी सोडून गेला, ईआरपीही बदलली, बंदी मात्र तशीच राहिली. आज ती का आहे हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी साहेबांना कारण विचारलंत की तेच म्हणतात, ‘असं काही आहे हे मला माहीतच नव्हतं, काढून टाका.’

पॉलिसीचं पान रिकामं असेल आणि तरी अपडेट होत नसेल, तर गोष्ट वेगळी. काही जण पॉलिसी न वापरता विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन गूगल अपडेटच्या सेवा ‘डिसेबल्ड’ करतात, किंवा टास्क शेड्यूलरमधली त्याची कामं बंद करतात. पूर्वी नेट हळू असायचं, महिन्याचा डेटा ठरलेला असायचा, तेव्हा हे सर्रास करत. काही ठिकाणी तर अपडेटच्या फोल्डरचं नावच बदललेलं असतं. सेवा परत चालू करायला ॲडमिनचे अधिकार लागतात, त्यामुळे ते काम तुमच्या कॉम्प्युटरवाल्यानेच करायचं, पण ‘सर्व्हिसेसमध्ये गूगल अपडेटर बघा’ एवढं तुम्ही सांगितलंत तर त्याचा अर्धा तास वाचेल.

तारीख-वेळही बघून घ्या. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली की रोज सकाळी तारीख काही वर्षं मागे जाते. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला अवैध वाटतं आणि अपडेटच्या सर्व्हरशी जोडणीच होत नाही. सेल बदलला, तारीख लावली, की काम सुरू. यात पॉलिसीचा काही संबंध नसतो.

ऑफिसच्या फायरवॉलमुळे (नेटवरून काय येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेमुळे) अडतंय का, हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच नेटवरच्या बाकीच्या मशीनवरही अपडेट अडकतंय का ते बघणं. सगळीकडे अडकत असेल तर फायरवॉल सांभाळणाऱ्याला सांगा की ‘अपडेट डॉट गूगलएपीआयज डॉट कॉम’ (update.googleapis.com) आणि ‘डीएल डॉट गूगल डॉट कॉम’ (dl.google.com) हे पत्ते मोकळे करा. बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ आणि डाउनलोड बंद करायच्या नादात हेही अडकलेले असतात.

एक प्रकार पतसंस्थांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये दिसतो, तुमच्याकडे असेल असं नाही, पण लक्षण ओळखू यावं म्हणून सांगतो. दिवसा अपडेट व्यवस्थित होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवृत्ती पुन्हा जुनीच! तिथे डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं, जे प्रत्येक रीस्टार्टला मशीन ठरलेल्या स्थितीत परत नेतं. बुकमार्क, डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही जातात. तिथे ब्राउझरशी कितीही झटापट केली तरी व्यर्थ. ॲडमिनने ते सॉफ्टवेअर थोडा वेळ बंद करून, अपडेट करून, परत चालू करावं लागतं.

याच्या उलट म्हणजे अपडेट उतरलेलं असतं, पण ब्राउझर बंदच होत नाही. टॅली उघडी, पन्नास टॅब उघडे, संध्याकाळी मशीन फक्त स्लीपला. क्रोम पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडल्याशिवाय नवी आवृत्ती लागत नाही. वर उजव्या कोपऱ्यात ‘रीलाँच’ असं येत असेल तर तेवढंच दाबायचं असतं. तुमच्या बाबतीत संदेश स्पष्ट ॲडमिनिस्ट्रेटरचा आहे, तेव्हा हे कारण नाही, पण शेजारच्या टेबलावर असू शकतं.

आता विंडोज कोणतं आहे ते बघा. विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबून ‘विनव्हर’ (winver) टाइप केलं की कळतं. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती, ती जानेवारी २०२३ मध्ये आली. त्यापुढे बंदी काढली तरी काही येणार नाही. फायरफॉक्सचंही त्या विंडोजवर ११५ ईएसआर शेवटचं. सीएनसी किंवा टेस्टिंग मशीनला जोडलेले जुने कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर आहेत, त्यांचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही, हे मी समजू शकतो. पण त्यांना नेट देऊ नका, बँक तर नकोच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ब्राउझर त्यावर अजून अपडेट होतात, तरी मशीन बदलायचं साहेबांच्या कानावर आत्ताच घाला.

बंदी कंपनीचीच निघाली तर तोंडी सांगू नका, लिहून पाठवा. ‘नेट चालत नाही’ असं गेलं की आयटीवाले राउटर बघायला सांगतात आणि आठवडा जातो. असं लिहा:

‘साहेब, अकाउंट्सच्या मशीनवर क्रोमची आवृत्ती अमुक आहे. पॉलिसीच्या पानावर अपडेट बंद दिसतं, सोर्स प्लॅटफॉर्म (किंवा क्लाउड), स्क्रीनशॉट जोडला आहे. बँकेची साइट या आवृत्तीवर अडते, त्यामुळे पेमेंट थांबतात. ही बंदी कोणत्या प्रोग्रॅमसाठी ठेवली आहे ते कळवावं. आता गरज नसेल तर काढावी. गरज असेल तर पूर्ण बंद न ठेवता मर्यादित अपडेट चालू करावं आणि बँकेसाठी अपडेट होणारा दुसरा ब्राउझर द्यावा.’

‘मर्यादित अपडेट’ म्हणजे काय, हे आयटीवाल्यांना कळेल. क्रोमला एका ठरावीक मुख्य आवृत्तीवर थोपवून धरता येतं, किंवा आठ आठवड्यांनी मोठा बदल घेणारी ‘एक्स्टेंडेड स्टेबल’ शाखा निवडता येते, जिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या मधेमधे येत राहतात. जुनी ईआरपी इंटरनेट एक्सप्लोररवरच चालत असेल तर त्यासाठी एजमधला ‘आयई मोड’ आहे. एका जुन्या साइटसाठी अख्खा ब्राउझर गोठवून ठेवायचं आता कारण उरलेलं नाही.

उत्तर येईपर्यंत बँकेचं काम एजमधून करा, पण त्याचीही आवृत्ती मेनूतल्या ‘अबाउट’मध्ये तपासून. क्रोमवर बंदी आणि एज मोकळा, असं बऱ्याचदा असतं. पेन ड्राइव्हवरचा पोर्टेबल ब्राउझर मात्र नको. तो आपोआप अपडेट होत नाही, म्हणजे जुना ब्राउझर सोडून उद्याचा जुना ब्राउझर घेतला एवढंच.

आणि हे सगळं शोधताना एखाद्या पानाने ‘तुमचा ब्राउझर जुना आहे, इथून अपडेट करा’ म्हणून बटण दाखवलं तर ते पान बंद करा. बँकेची साइट ब्राउझर जुना आहे म्हणून थांबवू शकते, पण खरं अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतूनच येतं. ज्यांचं अपडेट बंद आहे तेच अशा खोट्या बटणावर फसतात, कारण त्यांना ते खरं वाटतं.

अपडेट सुरू झालं की त्याच दिवशी डोंगल लावून एक सही करून बघा, ई-वे बिल काढून बघा, ईआरपी उघडून बघा. जीएसटीची शेवटची तारीख जवळ असेल तर दोन दिवस थांबून ती झाल्यावरच अपडेट घ्या. नव्या क्रोममध्ये एखाद्या साइटला तुमच्याच मशीनवरच्या सहीच्या प्रोग्रॅमशी बोलायचं असेल तर परवानगी विचारली जाऊ शकते. पत्ता नीट वाचा, सरकारी पोर्टलचाच असेल तर ‘अलाउ’ करा. तिथे घाईत ‘ब्लॉक’ झालं की डोंगल बिघडला असं वाटतं आणि पुन्हा कुणीतरी अपडेट बंद करून ठेवतं.

पॉलिसीच्या पानावर ‘सोर्स’मध्ये काय आलं आणि विंडोज कोणतं निघालं, ते कळवा. पुढचं त्यावर ठरवू.