मधला माणूस दोन लाख मागतोय, चार दिवसांत लग्न उरका म्हणतोय. फसवणूक असेल का?

ताई, दीर 36 वर्षांचे, मोसंबीची बाग, मुलीकडून फक्त एक मावशी आलेली आणि मधल्या माणसाला दोन लाख रोख हवेत, असं तुम्ही लिहिलंय. एक रुपयाही देऊ नका.

आमच्या घरात हे घडलंय. मी घनसावंगीकडचा. चुलतभावाला बारा एकर बागायत, पण नोकरी नाही म्हणून स्थळंच येईनात. मग असाच एक जण भेटला. देवळात लग्न लागलं. अंतरपाट धरला तेव्हा नवरीमागं मामा म्हणून उभा असलेला माणूस त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर होता, हे फार उशिरा कळलं. सहाव्या दिवशी पहाटे नवरी गेली. मंगळसूत्र, काकूची पोत आणि व्यापाऱ्यानं बागेपोटी दिलेला इसार, सगळं गेलं.

एरवी आम्ही सोयरीक करताना मामकूळ विचारतो, चार पाहुण्यांकडं चौकशी करतो. त्या वेळी कुणी तोंडच उघडलं नाही. जास्त विचारलं तर स्थळ मोडेल, ही भीती. ही भीती त्या टोळीला पक्की ठाऊक असते.

गाव हसेल म्हणून काकांनी तीन आठवडे तक्रार दिली नाही. तोवर सगळे फोन बंद. मुलीचा राग येतोच, पण तिच्यासोबत लग्नाला आलेल्या मावशीचा फोन आला की मुलीचा आवाज कापायचा, असं काकू सांगते. तीही कुणाच्या तरी दावणीला बांधलेली असावी.

फसवून लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली रद्द करून घेता येतं, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लागतं. आधीचं लग्न लपवलं असेल तर कलम 82 सुद्धा.

रविवारी दोन जाणती माणसं घेऊन, मधल्याला न सांगता मुलीच्या गावी जा. आधार कार्डावर विसंबू नका, शेजाऱ्यांना विचारा. तुम्ही स्वतः तिच्याशी एकटीशी बोला. आणि पैसे दिलेच असतील तर आजच ठाण्यात जा. त्याचा नंबर, फोटो, गाडीचा क्रमांक सोबत न्या. आमच्याकडं लग्नातला मावशीचा एकच फोटो होता, तोही तोंडावर पदर ओढलेला.