गिब्सनचा हप्ता आणि हातातली गिटार

डोंबिवलीच्या एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे. वय ३६, खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ९२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता ३४,००० रुपये, घरखर्च ३२,००० आणि एसआयपी १०,००० रुपये. बँकेत दीड लाखाची मुदत ठेव आहे आणि यंदाचा बोनस १,२०,००० रुपये नुकताच जमा झाला आहे. सहा वर्षांपासून ते इलेक्ट्रिक गिटार वाजवतात आणि दर रविवारी लोकलने खारला मित्रांबरोबर सरावाला जातात. दुकानात त्यांनी दोन गिटारी पाहिल्या. अमेरिकेत बनलेल्या, गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल स्टुडिओ' या मॉडेलचा भाव १,९०,००० रुपये सांगण्यात आला, तर इंडोनेशियात बनलेल्या 'कोर्ट' या ब्रँडच्या गिटारीचा ६६,०००. 'हाताला कोर्ट अधिक सुखाची वाटली, पण गिब्सन ती गिब्सनच,' असे ते लिहितात. क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचा 'नो कॉस्ट' हप्ता मिळतो आहे आणि मित्र म्हणतो की गिब्सन ही गुंतवणूक आहे, तिची किंमत पडत नाही. पत्नीला किंमत अजून सांगितलेली नाही.

आधी मित्राच्या म्हणण्याकडे पाहू, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

जुन्या गिटारींना प्रचंड किंमत येते ही गोष्ट खरी आहे, परंतु ती कोणत्या गिटारींना येते हे पाहिले पाहिजे. गिब्सनने लेस पॉल १९५२ मध्ये बाजारात आणली. तिच्यातील १९५८ ते १९६० या काळातील 'सनबर्स्ट' रंगाच्या गिटारींसाठी आज संग्राहक लाखो डॉलर मोजतात, याचे एक मोठे कारण असे की त्या वेळी त्या फारशा खपल्याच नाहीत, कंपनीने १९६१ मध्ये तो आकार बदलून टाकला आणि जुना आकार पुन्हा आणायला १९६८ साल उजाडले. म्हणजे भाव चढला तो थोड्या संख्येने बनलेल्या आणि नंतर थोर वादकांच्या हाती गेलेल्या वाद्यांचा. फेंडर या दुसऱ्या नामांकित गिटार कंपनीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली, १९८५ मध्ये ती पुन्हा कंपनीतीलच लोकांनी सोडवून घेतली, आणि मधल्या काळात दर्जा घसरल्याची तक्रार वादक आजही करतात. गिटारीच्या माथ्यावरचे नाव तिन्ही काळांत तेच होते, तरीही जुन्या बाजारात 'सीबीएसपूर्व' गिटारीला वेगळा भाव मिळतो. जाणकार खरेदीदारसुद्धा केवळ नावाला पैसे देत नाही, तो कोणत्या वर्षी, कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या हातांनी वाद्य घडवले हे विचारतो. आज कारखान्यातून सलग बाहेर पडणारी स्टुडिओ त्या दुर्मीळ गटात मोडत नाही. तिला गुंतवणूक म्हणणे म्हणजे नव्या मोटारीला गुंतवणूक म्हणण्यासारखे आहे.

तरीही मित्राच्या बोलण्यात एक अंश खरा आहे: मोठ्या नावाच्या वाद्याची किंमत विकताना टक्केवारीने कमी घसरते. म्हणून त्याच्या बाजूने उदार गृहीतक धरून हिशेब करू. समजा पाच वर्षांनी गिब्सनला मूळ किमतीच्या ६० टक्के मिळाले आणि कोर्टला ४० टक्केच. गिब्सन १,१४,००० रुपयांना जाईल आणि ७६,००० रुपये बुडतील, तर कोर्टचे २६,४०० येतील आणि ३९,६०० बुडतील. टक्केवारीत गिब्सन जिंकली, रुपयांत हरली. शिवाय दोन्ही किमतींतील फरक १,२४,००० रुपयांचा आहे. तो पाच वर्षे सात टक्क्यांनी ठेवला असता, कर बाजूला ठेवून, सुमारे ५०,००० रुपये व्याज आले असते. हे सगळे धरता गिब्सन तुम्हाला कोर्टपेक्षा सुमारे ८६,००० रुपये महाग पडते, म्हणजे महिन्याला जवळपास १,४४० रुपये.

हा आकडा पाहून मी तुम्हाला लगेच 'नको' म्हणेन असे वाटले असेल, तर तसे नाही. आवडीच्या वाद्यावर महिन्याला १,४४० रुपये खर्च करणारा माणूस उधळ्या ठरत नाही, आणि लहानपणापासून भिंतीवरच्या पोस्टरमध्ये पाहिलेली गिटार खांद्यावर घेण्याच्या आनंदाला मोल नाही असे म्हणण्याइतका मी कोरडा नाही. फक्त तो खर्च आहे आणि तो खर्चाच्याच रकान्यात लिहावा, एवढेच माझे म्हणणे आहे. खर्च म्हटले की दोन प्रश्न येतात: पैशांच्या बदल्यात हातात नेमके काय येते, आणि तो आत्ता झेपतो का?

पहिल्या प्रश्नासाठी मी गिरगावातील एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो, कारण मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. त्यांच्या टेबलावर दुरुस्तीला आलेल्या दोन गिटारी होत्या, एक बड्या नावाची आणि एक मध्यम किमतीची. त्यांनी कापसाचा लहान बोळा घेऊन दोन्हींच्या मानेच्या कडेने, फ्रेटच्या म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या टोकांवरून अलगद फिरवला. स्वस्त गिटारीवरून तो सरकत गेला, महागडीवर मात्र तीन ठिकाणी तंतू अडकून राहिले. मग त्यांनी पोलादाची छोटी पट्टी एका वेळी तीन फ्रेटवर टेकवली. पट्टी स्थिर बसली तर फ्रेट समपातळीत, आणि मधला फ्रेट उंच असेल तर ती टकटक हलते. महागडीच्या सातव्या फ्रेटजवळ ती हलली. 'हे घासून सरळ करणे म्हणजे माझे अर्ध्या दिवसाचे काम आहे. कारखान्यात कोणीतरी हा अर्धा दिवस वाचवला,' एवढेच ते म्हणाले. एका गिटारीवरून कोणत्याही कंपनीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, पण बांधणी म्हणजे काय हे मला त्या कापसाने जितके कळले तितके कोणत्याही जाहिरातीने कळले नसते.

बांधणीचा मोठा भाग अशा मजुरीत असतो: फ्रेट समपातळीत आणणे, नटच्या, म्हणजे माथ्याजवळ तारा पेलणाऱ्या पट्टीच्या, खाचा योग्य खोलीच्या कापणे, मान घट्ट बसवणे. कोर-टेक या कोर्टच्या मूळ कोरियन कंपनीने इतर ब्रँडसाठीही वर्षानुवर्षे गिटारी बनवल्या आहेत, तेव्हा तिच्या कारागिरांना हे काम नवे नाही. म्हणूनच 'हाताला कोर्ट अधिक सुखाची वाटली' हे तुमच्या पत्रातले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण सहा वर्षे वाजवणाऱ्या हाताचा तो अभिप्राय आहे. आवाजाचे म्हणाल, तर लेस पॉलचा जाड, भरीव आवाज वेगळा आहे हे मान्य, पण त्यात पिकअप (तारांचे कंपन टिपून त्याचा विद्युत संकेत करणारा भाग) आणि अँप्लिफायर यांचा वाटा फार मोठा असतो, आणि तुम्ही ज्या १० वॅटच्या अँपवर शेजाऱ्यांना सांभाळून वाजवता त्याच्यावर तो फरक किती ऐकू येईल, हे दुकानात तशाच लहान अँपवर वाजवून पाहावे.

मुंबईचा विचार तर करायलाच हवा. लेस पॉलची मान महोगनीची असते, तिचा माथा मागे १७ अंशांत कललेला असतो, आणि ट्रस रॉडचा, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या सळईचा, पिळायचा नट तिथेच बसवण्यासाठी नेमक्या त्या जागचे लाकूड पोखरलेले असते. गिटार पडली की माथ्याजवळ तडा जाणे हे या रचनेचे प्रसिद्ध दुखणे आहे. अशी सुमारे चार किलोंची गिटार मऊ पिशवीत घालून डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादरला उतरायचे आणि तिथे पश्चिम रेल्वे पकडायची, रविवार असला तरी, हे मला धाडसाचे वाटते. गिब्सनवरचा नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे वरचे रोगण, दिसायला सुंदर असतो, पण काही स्टँडच्या रबराची त्याच्याशी प्रक्रिया होऊन डाग पडतात. पावसाळ्यातील दमटपणा मात्र ब्रँड पाहत नाही: तारा गंजतात, नॉब खरखरतात, मान हलते. त्यामुळे सेटअपचा, म्हणजे मान आणि तारा नीट जुळवून घेण्याचा, खर्च दोन्ही गिटारींना सारखाच धरावा.

दुसरा प्रश्न झेपण्याचा. १,९०,००० भागिले बारा म्हणजे महिन्याला १५,८३३ रुपये. तुमच्या पगारातून गृहकर्जाचा हप्ता, घरखर्च आणि एसआयपी वजा जाता १६,००० उरतात, म्हणजे वर्षभर तुमच्या हातात महिन्याला १६७ रुपये राहतील. 'नो कॉस्ट' या शब्दावरही विसंबू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, ही भूमिका रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवली होती. व्यवहारात बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत दिल्याचे दाखवले जाते. १५ टक्के दर धरला तर त्यातील व्याज सुमारे १४,६०० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे २,६०० रुपये तुमच्याच खिशातून जातात, प्रक्रिया शुल्क असल्यास ते वेगळे. आणि तीच १४,६०० रुपयांची सूट रोखीने मागितली असती तर कदाचित मिळाली असती.

गृहकर्ज आणि घरखर्च मिळून तुमची महिन्याची गरज ६६,००० रुपयांची आहे. सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी ३,९६,००० रुपयांचा हवा, तुमच्याकडे दीड लाख आहेत. नोकरी गेली तर गिटार विकता येईल हे खरे, पण घाईने विकणाऱ्याला मी वर धरलेले ६० टक्के मिळत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा. कोर्ट घ्या, पण पुन्हा एकदा जाऊन तोच नग, त्याच क्रमांकाचा, कापसाचा बोळा फिरवून आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा ओढून सूर गुदमरत नाही ना हे पाहून घ्या. मागवून देतो म्हणाले तर थांबा, कारण एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात. ६६,००० रुपये गिटारीला आणि कठीण केस व पहिल्या सेटअपसाठी ८,००० रुपये, हे सर्व बोनसमधून रोख द्या. उरलेले ४६,००० मुदत ठेवीत टाका, म्हणजे निधी १,९६,००० रुपयांचा होईल. दरमहा शिल्लक राहणाऱ्या १६,००० पैकी १२,००० त्यात भरत गेलात तर सतरा महिन्यांत तो पूर्ण होतो. त्यानंतर तेच १२,००० रुपये गिब्सनच्या नावाने वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका आणि पुरेशी रक्कम साठली की एका रविवारी धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात जा. तोवर लेस पॉलचाच आकार हवासा वाटत राहिला, तर १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोन या ब्रँडची लेस पॉल गिब्सनच्या शेजारी ठेवून दोन्ही गिटारी डोळे मिटून वाजवा, किमतीची चिठ्ठी मित्राला झाकायला सांगा.

पत्नीला किंमत आजच सांगा. १,९०,००० पेक्षा ६६,००० सांगणे सोपे आहे, आणि कार्डाचे विवरण तुमच्या आधी त्यांनी उघडले तर तो प्रश्न माझ्या कक्षेबाहेरचा आहे.